रिकामा केलेला दिवाणखाना : लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन यांची छायाचित्रे

छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत व्यक्तिचित्रण आणि गृहान्तर्भागाचे चित्रण ह्या दोन शाखा निरनिराळ्या मांडण्याची प्रथा आहे. पहिल्या शाखेत माणूस मुख्य आणि खोली गौण असते. दुसरीत खोली मुख्य असते आणि माणूस, बहुधा, नुकताच बाहेर गेलेला असतो. ही विभागणी सोयीची आहे, आणि बहुसंख्य छायाचित्रकारांच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंड व लंडन येथे राहणाऱ्या एका उमराव स्त्रीने सातआठ वर्षांच्या अवधीत जी शेकडो छायाचित्रे घेतली, ती ह्या दोहोंपैकी कोणत्याही कप्प्यात नीटपणे बसत नाहीत. क्लेमेंटिना, व्हायकाउंटेस हॉवर्डन (१८२२–१८६५) ह्यांच्या चित्रांत माणसे आहेत, पण त्यांची नावे त्यांनी सांगितलेली नाहीत. खोल्या आहेत, पण त्या खोल्यांतून राहत्या घराच्या खुणा शक्य तितक्या काढून टाकलेल्या आहेत. ह्या विचित्र परिस्थितीचा उलगडा चरित्रात शोधावा की कलाकृतीत, ह्या प्रश्नावर त्यांच्याविषयीची आजवरची समीक्षा दुभंगलेली दिसते. वस्तुतः उलगडा तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे कामाच्या पद्धतीत आहे. हॉवर्डन यांच्या बाबतीत खोली ही चित्राची पार्श्वभूमी नव्हे; कॅमेऱ्याइतकेच ते छायाचित्रणाचे उपकरण होय.

क्लेमेंटिना यांचा जन्म १ जून १८२२ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळील कंबरनॉल्ड येथे झाला. वडील चार्ल्स एल्फिन्स्टन फ्लीमिंग हे आरमारातील अधिकारी, पुढे ॲडमिरल व पार्लमेंटचे सभासद. आई कॅटलीना पॉलिना अलेस्सांद्रो ही स्पेनमधील, आणि पतीहून सव्वीस वर्षांनी लहान. एल्फिन्स्टन हे आडनाव वाचताच मराठी वाचकाचे कान टवकारणे स्वाभाविक आहे, आणि ह्या ठिकाणी ते व्यर्थही नाही. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ ते १८२७ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे चार्ल्स यांचे धाकटे बंधू, म्हणजे क्लेमेंटिना यांचे सख्खे काका होत. १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन हे त्यांचे चुलतबंधू. (काका-पुतण्याच्या ह्या जोडीची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. कॉलेज काकांच्या नावाचे. आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखले जाणारे एल्फिन्स्टन सर्कल पुतण्याच्या.) नात्याचा हा धागा फार ताणण्यात अर्थ नाही, क्लेमेंटिना कधी हिंदुस्थानात आल्या नाहीत. तथापि एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. काकांच्या स्मरणार्थ मुंबईत उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५०–६० ह्या दशकाच्या मध्यास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटीही स्थापन झाली. आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच आयर्लंडमध्ये पुतणीने कॅमेरा हाती घेतला. एकच नवी विद्या एकाच कुळाच्या नावाखाली दोन टोकांना रुजत होती, परंतु दोन्हीकडील प्रयोजन अगदी भिन्न होते. मुंबईत ती शिकविण्याची, उपयोगाची कला म्हणून आली. आयर्लंडमध्ये ती सवडीची कला म्हणून आली.

१८४० मध्ये वडील वारले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. पुढे आई तीन मुलींना घेऊन रोमला काही काळ राहिली. १८४५ मध्ये क्लेमेंटिना यांचा विवाह कॉर्नवॉलिस मॉड ह्या लष्करी अधिकाऱ्याशी झाला. हे तिसऱ्या व्हायकाउंट हॉवर्डन यांचे वारस. आणि मुलाने पैसा नसलेल्या घरातील मुलगी करावी हे त्या घराण्यास रुचले नाही. १८५६ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर कॉर्नवॉलिस यांच्याकडे उपाधी व आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यातील डन्ड्रम येथील जमीनजुमला आला. हा वारसा मिळाल्यानंतर लवकरच, म्हणजे १८५७ च्या सुमारास, क्लेमेंटिना यांनी छायाचित्रणास आरंभ केला. कालक्रम बोलका आहे. रसायने, काचा, भिंगे, सुटीच्या दिवसापुरती न मिळता रोज मिळणारी दुपार, ह्या सर्व गोष्टी टिपरेरीच्या कुळांनी भरलेल्या खंडातून आल्या, आणि तीही १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळातून ज्या प्रदेशाचे डोके नुकतेच वर येत होते तेथून. ही जाणीव चित्रांच्या सौंदर्याला बाधक होत नाही. पण त्यांच्यातील निवांतपणा हा कोठून तरी पुरविला गेला आहे हे विसरून त्यांचे रसग्रहण करणे अपुरे ठरते.

डन्ड्रम येथील आरंभीची चित्रे बहुतांशी निसर्गदृश्ये आहेत. झाडे, ओढे, इस्टेटीचा परिसर. त्यांपैकी अनेक दोन भिंगांनी घेतलेली, म्हणजे स्टिरिओस्कोपमधून पाहिली असता खोली भासविणारी जोडचित्रे आहेत. ह्या चित्रांविषयी फार बोलण्यासारखे नाही. त्या काळातील शेकडो हौशी मंडळींनी अशी चित्रे घेतली, आणि त्यांपैकी कित्येकांची अधिक चांगली आहेत. एक मात्र खरे, की झाडांच्या दाटीतून प्रकाश गाळून घेण्याची जी सवय येथे लागली ती पुढे पडद्यांच्या आणि झडपांच्या साह्याने घरात उपयोगी पडली.

१८५९ मध्ये कुटुंब लंडनमधील साउथ केन्सिंग्टन भागात ५, प्रिन्सेस गार्डन्स ह्या नव्या घरात राहावयास आले, आणि येथून खऱ्या अर्थाने त्यांच्या कर्तृत्वाचा काळ सुरू होतो. हा भाग तेव्हा नुकताच वसत होता. १८५१ च्या भव्य प्रदर्शनाच्या नफ्यातून घेतलेल्या जमिनीवर जवळच एक संग्रहालय उभे राहिले होते, तेच पुढे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम ह्या नावाने प्रसिद्ध झाले. घराचा पहिला मजला, म्हणजे उमराव घराण्यात जेथे पाहुण्यांचे स्वागत व्हावयाचे, वैभव मांडावयाचे, तो दिवाणखान्यांचा मजला क्लेमेंटिना यांनी कामासाठी वापरला. उंच खिडक्या, त्यांतून सज्जावर जाण्याची वाट, समोर बागेपलीकडील घरांच्या रांगा, एवढीच सामग्री.

ह्या निवडीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचा इंग्रजी दिवाणखाना डोळ्यांसमोर आणावा लागतो. व्हिक्टोरियन अभिरुची ही भरण्याची अभिरुची होती. मेजावर झालर, झालरीवर काचेचे घुमट, घुमटांखाली मेणाची फळे, भिंतीवर चित्रांना चित्रे लागलेली. रिकामी जागा म्हणजे उणीव असे ह्या अभिरुचीचे सूत्र होते. धंदेवाईक छायाचित्रकारांच्या स्टुडिओतही हाच थाट लटक्या स्वरूपात असे: लाकडी खांब, रंगविलेला पडदा, पडद्यावर सरोवर. प्रिन्सेस गार्डन्समधील चित्रांत ह्यांपैकी जवळजवळ काहीच नाही. फरशी किंवा चटई उघडी आहे, भिंतीचा तारे काढलेला कागद दिसतो, एखादे मेज, एखादी खुर्ची, कोठे एखादा कोरीव पडदा, आणि पुष्कळ चित्रांत एक उंच, फिरता आरसा. मेजावर कधी कापड टाकलेले असते, कधी काढलेले. वस्तू त्याच त्या आहेत, आणि त्या खोलीभर प्रवास करतात. आज खिडकीशी असलेला आरसा उद्या भिंतीशी असतो. असे म्हणता येईल, की खोली सजविण्याऐवजी क्लेमेंटिना यांनी ती प्रथम रिकामी केली आणि मग दरवेळी एकाच गोष्टीसाठी थोडीशी मांडली. ती गोष्ट म्हणजे प्रकाश.

हे करण्यास तांत्रिक कारणही होते, आणि कलासमीक्षेने त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत स्वच्छ केलेल्या काचेवर कोलोडियनचा चिकट थर हाताने ओतावा लागे, तो अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून संवेदनक्षम करावा लागे, आणि काच वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांत, चित्र घेऊन ते धुऊनही काढावे लागे. थर वाळला की काच निकामी. काच प्रकाशात उघडी ठेवण्याचा काळ घरात काही सेकंदांपासून पुष्कळ अधिकपर्यंत लांबत असे, आणि तेवढा वेळ समोरच्या व्यक्तीने स्तब्ध राहणे अवश्य होते. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात छाप घ्यावयाचा. ह्या सर्व खटाटोपात बोटे व कपडे काळे पडत. छंद म्हणून हे काम उमराव स्त्रीला शोभेसे नव्हते, असेच कोणीही म्हटले असते. ह्याखेरीज कोलोडियनची एक मोठी खोड होती. ते निळ्या रंगाला अतिशय लवकर आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसे. त्यामुळे आकाश पांढरे फटफटीत येई, आणि लाल वा पिवळे वस्त्र काळेभोर.

सामान्य छायाचित्रकार ह्या मर्यादांशी झगडतो. क्लेमेंटिना यांनी त्या कामाला लावल्या. खिडकीकडे तोंड करून कॅमेरा ठेवू नये हा त्या काळी, आणि नंतरही, प्रत्येक नवशिक्याला दिला जाणारा पहिला उपदेश. त्यांची पुष्कळ उत्कृष्ट चित्रे नेमकी खिडकीकडे तोंड करून घेतलेली आहेत. परिणाम असा होतो, की खिडकीबाहेरचे लंडन विरघळून जाते; समोरच्या घरांची ओळ फिकट, जणू कागदावर पेन्सिलीने नुसती आखलेली. एवढ्या मोठ्या राजधानीच्या मध्यभागी ही मुलगी उभी आहे ह्याचा पुरावा चित्रात शिल्लक राहतो, पण तो धुक्यासारखा. आणि आतल्या बाजूला, प्रकाश जेथे कमी होत जातो तेथे, रेशमाची घडी, मानेची रेषा, खुर्चीच्या पाठीवर टेकविलेला हात ह्यांना एक विलक्षण जडपणा येतो. मराठी समीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ह्या ज्या लयींत सौंदर्याची मूलतत्त्वे पाहिली, त्यांपैकी विरोधलयीवर ह्या चित्रांची उभारणी आहे. मात्र विरोध हा आकृतींचा नसून पांढऱ्याच्या दोन प्रतींचा आहे. खिडकीबाहेरचा पांढरा रिकामा. वस्त्राचा पांढरा भरलेला. ह्या दोहोंमध्ये जे काळे आहे ते बहुधा भिंत वा झडप असते, आणि तेच दोन्ही पांढऱ्यांना तोलून धरते. मर्ढेकरांची परिभाषा छायाचित्राला सर्वांशाने लागू पडेलच असे नाही, कारण छायाचित्रात संवेदनेबरोबर वास्तवाचा ठसाही अपरिहार्यपणे येतो. परंतु क्लेमेंटिना यांच्या बाबतीत ती बरीच दूरवर साथ करते.

ह्या प्रकाशासमोर ज्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्या मुली. दहा अपत्यांपैकी आठ वाढली. त्यांतील थोरल्या तिघी, इझाबेला ग्रेस, क्लेमेंटिना आणि फ्लॉरेन्स एलिझाबेथ, ह्या अनुक्रमे किशोरवयातून तारुण्यात येत असताना ही चित्रे घेतली गेली. आईचेच नाव असलेली क्लेमेंटिना सर्वांत अधिक वेळा दिसते, आणि तिच्या अंगी स्तब्ध राहूनही निर्जीव न दिसण्याचे दुर्मीळ कसब होते. मुली कधी नेहमीच्या पोशाखात आहेत, कधी केवळ अंतर्वस्त्रांच्या वरचा पांढरा घागरा घालून, कधी जुन्या काळच्या वा परदेशी वेषात. कधी दोघींपैकी एकीने पुरुषाचा वेष घेतलेला आहे. वेषांतराची ही चित्रे त्या काळच्या उमराव घरांत रूढ असलेल्या घरगुती नाट्यप्रयोगांशी आणि मूकदृश्यांशी जोडता येतात, आणि समीक्षकांनी ती तशी जोडलीही आहेत. तथापि अशा मूकदृश्यांत कथा ओळखता येणे हा मुख्य आनंद असतो. येथे कथा ओळखता येत नाही. एक बहीण दुसरीचा हात धरून आहे, काहीतरी घडणार आहे किंवा नुकतेच घडून गेले आहे, एवढेच कळते. नाटकाचे नेपथ्य काढून घेतले आणि नटांना मात्र रंगभूमीवर तसेच उभे ठेवले, तर जे उरेल त्यासारखे हे आहे.

आरशाचा उपयोगही असाच पाहण्याजोगा आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरावरील दर्पणसुंदरी ज्याला परिचित आहे त्याला आरसा हे स्त्रीच्या स्वतःवरील लोभाचे, शृंगाराचे साधन म्हणून ओळखीचे असते. पाश्चात्य चित्रकलेतही तो गर्वाचे चिन्ह म्हणून येतो. हॉवर्डन यांच्या आरशाशी उभी असलेली मुलगी अनेकदा आरशात पाहतच नाही. ती त्याला टेकून उभी असते, आणि आरशात दिसतो तो तिच्या चेहऱ्याचा आपल्याकडून लपलेला भाग. म्हणजे एकाच काचेवर एकाच वेळी दोन चेहरे, एक खिडकीच्या बाजूचा उजळ आणि एक खोलीच्या बाजूचा मंद, असे व्यक्तिचित्र तयार होते. एकाच क्षणी दोन प्रकाश दाखविण्याची सोय म्हणून आरसा येथे आला आहे. त्याचे चिन्हार्थ नंतरचे. ज्यांनी ह्या चित्रांतून दुभंगलेल्या स्त्रीमनाचे सिद्धान्त काढले आहेत त्यांनी हा साधा क्रम उलटा केला आहे.

मग ही व्यक्तिचित्रे आहेत काय? क्लेमेंटिना यांचे स्वतःचे उत्तर नकारार्थी दिसते. १८६३ च्या जानेवारीत लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी प्रथम चित्रे मांडली, तेव्हा त्यांना ‘जीवनावरून अभ्यास’, ‘छायाचित्रात्मक अभ्यास’ एवढीच शीर्षके दिली. ‘कुमारी इझाबेला मॉड’ असे कोठेही नाही. उमराव घराण्यात व्यक्तिचित्र हे वंशावळीचे अंग असते. तैलचित्रांच्या दालनात प्रत्येक चौकटीखाली नाव, उपाधी, वर्षे असावयाची. त्या परंपरेत वाढलेल्या आणि विवाहाने तीत अधिक खोल गेलेल्या स्त्रीने आपल्याच मुलींची नावे काढून टाकावीत, आणि चित्रकाराच्या शाळेतला ‘अभ्यास’ हा शब्द वापरावा, ही निवड लहान नव्हे. मुलींच्या प्रतिष्ठेचे रक्षण हा हेतू असू शकेल. पण चित्रेही तेच सांगतात: चेहरा कित्येकदा वळविलेला आहे, सावलीत आहे, केसांनी झाकलेला आहे. ओळख पटविणे हे ज्याचे काम ते व्यक्तिचित्र, ही व्याख्या घेतली तर ही व्यक्तिचित्रे नव्हेत. एका विशिष्ट खोलीतील विशिष्ट दुपारी एक शरीर कसे होते हे सांगणारी ती चित्रे आहेत, आणि ह्या अर्थाने गृहान्तर्भागाचे चित्रण हे वर्णन त्यांना अधिक जवळचे ठरते. पण खोलीचेही नाव तेथे नाही!

भारतीय अभ्यासकाला येथे जयपूरच्या महाराजा सवाई रामसिंह दुसरे (१८३३–१८८०) यांची आठवण होणे साहजिक आहे. तेही उमराव नव्हे, प्रत्यक्ष राजे. स्वतः कोलोडियनने चित्रे घेणारे. आणि त्यांनी आपल्या जनानखान्यातील स्त्रियांची चित्रे घेतली, ज्यांतील अनेकींची नावे आज अज्ञात आहेत. बाह्य साम्य मोठे आहे. दोन्हीकडे पुरुष पाहुण्यांस सहजी न दिसणारा घराचा भाग कॅमेऱ्यापुढे आला, तो त्या घरातील माणसाच्याच हातून. परंतु रामसिंहांनी स्त्रियांना रंगविलेल्या पडद्यापुढे, विलायती खुर्ची आणि गालिचा मांडून बसविले. म्हणजे जनानखान्यातच त्यांनी एक धंदेवाईक स्टुडिओ उभा केला. त्यामागे, जनानखान्यातील स्त्रीही प्रतिष्ठित व्यक्तीप्रमाणे समोरासमोर पाहू शकते हे दाखविण्याचा हेतू असावा, आणि त्या दृष्टीने तो मोठा धाडसी होता. हॉवर्डन यांना दिवाणखान्यात स्टुडिओ आणण्याची गरज वाटली नाही. त्यांनी दिवाणखान्यातला दिवाणखानाच बाहेर काढला. प्रतिष्ठा ज्याला मिळवून द्यावयाची असते तो सामान मांडतो. ज्याची ती जन्मजात असते त्यालाच सामान काढून टाकणे परवडते. उमरावपणाचा कलेवरील परिणाम पाहावयाचा तर तो येथे, ह्या परवडण्यात पाहावा. चित्रांतील रेशमात नव्हे.

समकालीनांनी त्यांची योग्यता ओळखली नाही असे मुळीच नाही. १८६३ च्या प्रदर्शनात हौशी छायाचित्रकारांतील सर्वोत्तम कामाबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले, त्याच वर्षी त्या सोसायटीच्या सभासद निवडल्या गेल्या, आणि १८६४ मध्ये पुन्हा रौप्यपदक मिळाले. १८६४ च्या जूनमध्ये स्त्रियांच्या कलाशाळेच्या साह्यार्थ साउथ केन्सिंग्टन येथे भरलेल्या मेळ्यात त्यांची चित्रे विक्रीस होती, तेव्हा लुईस कॅरल ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले ऑक्सफर्डचे गणिताध्यापक चार्ल्स डॉजसन, जे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते, त्यांनी पाच चित्रे विकत घेतली. ऑस्कर रेलँडर हे त्या काळातील एक श्रेष्ठ छायाचित्रकार त्यांच्या परिचयाचे होते, आणि मृत्यूनंतर त्यांच्यावर स्मरणलेख लिहिला तो त्यांनीच. जूलिया मार्गारेट कॅमेरन ह्यांच्याशी तुलना तेव्हापासून चालत आली आहे, आणि डॉजसन यांचे माप त्या वेळी स्पष्टपणे हॉवर्डन यांच्या बाजूला झुकले होते. कॅमेरन यांची मुद्दाम अस्पष्ट ठेवलेली चित्रे त्यांना रुचली नाहीत. आज दोघींना एकाच रांगेत बसविण्याची पद्धत आहे. खरे पाहता त्या परस्परविरुद्ध दिशांनी चालल्या. कलकत्त्यात जन्मलेल्या कॅमेरन यांनी १८६३ च्या अखेरीस कॅमेरा हाती घेतला, कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून त्याचा स्टुडिओ केला, चेहरा जवळ आणला आणि खोली नाहीशी केली. त्यांनी आपल्या चित्रांचे हक्क नोंदविले, ती विकली, थोरामोठ्यांचे चेहरे इतिहासात जमा केले. हॉवर्डन यांनी अंतर राखले, पूर्णाकृती राखली, आणि विक्रीचा विचार दानधर्मापलीकडे केला नाही. कॅमेरन यांचे नाव टिकले आणि हॉवर्डन यांचे बुडाले, ह्याचे कारण गुणवत्तेतील फरक नसून हा व्यवहारातील फरक आहे. धंदा न करणे हे उमराव स्त्रीच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते, आणि तेच तिच्या विस्मृतीचे कारण झाले.

१९ जानेवारी १८६५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने क्लेमेंटिना यांचा अंत झाला. सतत रसायनांत काम केल्याने त्यांची प्रकृती क्षीण झाली असावी असे पुढे कोणी सुचविले आहे. तो तर्कच आहे. त्यांनी आपल्या कलेविषयी लेख लिहिलेला नाही. चित्रे कुटुंबाच्या अल्बमांत राहिली, आणि जवळजवळ पाऊण शतक तेथेच राहिली. १९३९ मध्ये छायाचित्रणाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांची नात लेडी टॉटनम यांनी ती व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमला दिली. संख्या पावणेआठशेच्या आसपास. ज्या घरात ती घेतली गेली तेथून संग्रहालय पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ही चित्रे अल्बमांतून ओढून काढलेली होती. कोपरे डकविलेले असल्यामुळे ते पानांवरच राहिले, आणि म्हणून आज पाहावयास मिळणाऱ्या बहुसंख्य चित्रांचे कोपरे फाटलेले आहेत.

संग्रहालयात आल्यानंतरही त्यांचा खरा अभ्यास सुरू होण्यास बराच काळ जावा लागला. १९७४ मध्ये ग्रेअम ओव्हेंडन यांनी निवडक चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये दोन ग्रंथ एकाच वर्षी निघाले, आणि त्यांतील विरोध शिकण्याजोगा आहे. व्हर्जिनिया डोडिअर यांनी संग्रहालयाच्या सूचीच्या आधारे चरित्र, कालक्रम, घर, मुलींची वये, खोलीतील वस्तू ह्यांचा धीराने मेळ घातला. शीर्षक व दिनांक नसलेल्या शेकडो चित्रांना क्रम लावणे हे काम वाटते त्याहून पुष्कळ अवघड आहे, आणि पुढील कोणत्याही विवेचनाला त्याचाच आधार घ्यावा लागतो. कॅरल मॅव्हर यांनी ह्याउलट आई व मुली यांच्यातील ओढ, बहिणींच्या जवळिकीतील आकर्षणाची छटा, वाढत्या शरीराचे जतन करण्याची आईची आकांक्षा ह्या दिशेने चित्रे वाचली. मॅव्हर यांचे लेखन चटकदार आहे आणि काही ठिकाणी खरोखर डोळे उघडणारे आहे. वस्त्राच्या स्पर्शाविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते डोडिअर यांच्या संयत गद्यात सापडणार नाही. परंतु ह्या पद्धतीत चित्रातील प्रत्येक गोष्ट मनाची खूण होते, आणि ओल्या काचेची घाई, उन्हाची वेळ, काळे पडणारे वस्त्र ह्यांना जागाच उरत नाही. बहिणी एकमेकींना टेकून उभ्या आहेत ह्यात प्रेम असेल; काही सेकंद न हलता उभे राहावयाचे तर टेकणे सोयीचे असते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही कारणे एकाच वेळी सत्य असू शकतात, आणि चित्राची गोडी बहुधा त्यांच्या मिश्रणातच आहे. एवढा विवेक ठेवला तर मॅव्हर यांचे वाचन उपकारक ठरते.

दुसऱ्या टोकाला, ही केवळ एका सुखवस्तू आईची कौटुंबिक चित्रे होत, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याचे उत्तर चित्रांच्या संख्येतच आहे. कौटुंबिक आठवण जपण्यासाठी त्याच मुलीला त्याच खिडकीशी, त्याच आरशाजवळ, झडप थोडी कमीअधिक उघडून पुन्हा पुन्हा उभे करण्याची आवश्यकता नसते. एक झडप उघडी, दुसरी अर्धी मिटलेली. पडदा खिडकीच्या डावीकडे, नंतर उजवीकडे. मुलगी काचेच्या आत, नंतर बाहेर सज्जात, आणि काही ठिकाणी एक बहीण आत व दुसरी बाहेर. ही मालिका क्रमाने पाहिली असता ‘अभ्यास’ हा शब्द किती अचूक होता हे दिसून येते. गायकाने एकाच रागात रोज बसावे, आणि रोज एखाद्या स्वराचा लगाव निराळा पाहावा, तशी ही साधना आहे.

२०१८ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत हॉवर्डन, कॅमेरन, कॅरल आणि रेलँडर ह्या चौघांचे एकत्र प्रदर्शन भरले. व्यक्तिचित्रांच्या राष्ट्रीय दालनात, व्यक्तीचे नाव न देणारी ही चित्रे मुलींच्या नावांनिशी लागली. सूचीकाराला नावे देणे भागच असते, आणि संशोधनाला ती हवीतही. तथापि ह्यापुढील अभ्यासकाने ज्याचा शोध घ्यावयास हवा ती गोष्ट नावांची नसून क्रमाची आहे. अल्बमांच्या पानांवर कोणते चित्र कोणत्या चित्राशेजारी होते, एकाच दुपारच्या किती काचा एकत्र ठेवल्या होत्या, उजळ चित्रासमोर अंधारे चित्र मुद्दाम लावले होते की काय, ह्याची साक्ष देणारी पाने चित्रांबरोबर आली नाहीत. संग्रहालयातील छापांचे आकार, फाटलेल्या कोपऱ्यांची वळणे आणि चित्रांच्या पाठीवर राहिलेले कागदाचे व डिंकाचे अवशेष ह्यांचा परस्परांशी मेळ घालून त्या पानांची काही अंशी पुनर्रचना करता येण्याजोगी आहे.